खडा आणि कोंदण

पाडव्याच्या आदल्या रात्री पाणी प्यायला म्हणून तुम्ही स्वयंपाकघरात येता. नळाला पंचा बांधून दही टांगलेलं आहे आणि खालच्या पातेल्यात थेंब थेंब पाणी गळतंय. दिवा लावता. पाणी दह्यातून आलेलं, तरी पांढरं नाही. हिरवट पिवळं आहे. लहानपणापासून शंभरदा पाहिलेलं, आणि सकाळी मोरीत ओतायचं यापलीकडे त्याच्याबद्दल कधी काही विचारलेलं नाही.

आज ओतू नका. त्यात बोट बुडवा आणि डोळे मिटा. प्रवासासाठी मी कुठलं यंत्र आणलेलं नाही. मराठी वाचकाला त्यावाचून अडत नाही, असा माझा अनुभव आहे.

डोळे उघडता तेव्हा तुम्ही टीलप्लात्झ स्टेशनातून बाहेर पडताय. बर्लिनचं दालेम उपनगर, साल १९३४. रस्ते रुंद आणि शांत, दोन्ही बाजूंना झाडं, आणि झाडांआड विज्ञानसंस्थांच्या इमारती. लाल कापडावरचं काळं स्वस्तिक जागोजाग फडकतंय. आपल्या उंबऱ्यावरचं नव्हे, त्यांचं. जवळच फ्रिट्झ हाबर यांची संस्था आहे, पण हाबर नाहीत. आदल्या वर्षी ज्यू सहकाऱ्यांना काढण्याचा हुकूम आला तेव्हा त्यांनी राजीनामा दिला, देश सोडला आणि याच वर्षीच्या जानेवारीत स्वित्झर्लंडमध्ये बाझलला त्यांचा मृत्यू झाला. इथल्या बऱ्याच दारांवरच्या पाट्या गेल्या वर्षभरात बदलल्या आहेत.

तुम्हाला जायचंय ती इमारत प्रयोगशाळा वाटतच नाही. अठराव्या शतकातल्या एखाद्या जमीनदाराचा वाडा वाटतो, कारण तो तशाच एका वाड्याची नक्कल आहे. पॉट्सडॅमजवळच्या ग्रोस क्रॉइट्झ गावातला वाडा ओटो वारबुर्ग यांना आवडला, आणि रॉकफेलर फाउंडेशनचे अमेरिकन पैसे हाताशी होते. त्यांनी तसाच वाडा इथे उभारून घेतला. वारबुर्ग १९३१ चे नोबेल विजेते. वडिलांकडून ज्यू, तरी अजून जागेवर आहेत. रोज सकाळी घोड्यावरून रपेट, मग आठ ते सहा काम, आठवड्याचे सहा दिवस. त्यांच्या हाताखाली प्राध्यापकांची फौज नाही. वाल्टर ख्रिस्टियान, एर्विन नेगेलाइन, फ्रिट्झ कुबोवित्झ यांच्यासारखे यंत्रकामातून आलेले, हाताचे पक्के लोक आहेत. मोजमाप चोख करणारा माणूस वारबुर्गना पदवीधरापेक्षा जास्त उपयोगी वाटतो. आपल्याकडच्या किती विभागप्रमुखांना असं वाटतं, हा प्रश्न इथे नको.

आत या. तुम्ही कुणाला दिसत नाही, पण बाकांना धक्का लावू नका.

तिशीतला एक स्वीडिश डॉक्टर तुमच्या अंगावरून जातो, जरासा लंगडत. ह्यूगो थेओरेल. तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला, नवव्या वर्षी पायात स्नायूंचं रोपण झालं म्हणून चालता आलं. व्हायोलिन उत्तम वाजवतो. बायको मार्गिट व्यावसायिक वादक. रॉकफेलरच्या पाठ्यवृत्तीवर तो इथे आलाय, आणि त्याच्या हातातल्या काचेच्या भांड्यात जे आहे त्यासाठीच तुम्हाला इतक्या लांब आणलं. पिवळं पाणी. तुमच्या पातेल्यातल्याहून गडद, पण रंगाने भाऊच.

हे पाणी यीस्टचं. दोन वर्षांपूर्वी वारबुर्ग आणि ख्रिस्टियान यांना वाळवलेल्या यीस्टच्या अर्कात एक एन्झाइम सापडलं, पाठ्यपुस्तकी भाषेत विकर. साखरेतून निघालेला हायड्रोजन ते घेतं आणि हवेतल्या ऑक्सिजनच्या हवाली करतं. रंगावरूनच त्याचं नाव पडलं, पिवळं फर्मेंट. त्याच सुमारास हायडेलबर्गला रिखार्ड कून, पॉल ग्यॉर्गी आणि थिओडोर वाग्नर-याउरेग दुधातून एक पिवळं जीवनसत्त्व वेगळं करत होते. पाच हजारांहून अधिक लिटर दुधामागे हाती लागलं ते जेमतेम ग्रॅमभर. आज आपण त्याला बी-२ किंवा रायबोफ्लेविन म्हणतो. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतल्यावर लघवी भडक पिवळी होते ना, तेच हे.

तर यीस्टच्या एन्झाइममध्ये पिवळा रंग आहे आणि दुधात पिवळं जीवनसत्त्व आहे. नातं उघड दिसत होतं. दिसत नव्हतं ते पुढचं. एन्झाइममधलं काम नेमकं करतं कोण, रंग की तो ज्याला चिकटलाय ते प्रथिन?

हा प्रश्न आज शाळकरी वाटतो. पण या वाड्यातल्या हवेत अजून एक जुनं भांडण तरंगतंय, तेवढं ऐकून घ्या. क्लोरोफिलवरच्या कामासाठी नोबेल मिळवलेले रिखार्ड विलश्टेटर सांगत आले होते, की एन्झाइम म्हणजे प्रथिन नव्हे. खरा कर्ता एक लहानसा क्रियाशील गट असतो, आणि प्रथिन असलंच तर तो वाहून नेणारी नुसती गाडी. त्यांच्या शुद्ध द्रावणांत प्रथिनाची चाचणी यायची नाही, कारण द्रावणं फार पातळ असायची. पलीकडे अमेरिकेत जेम्स सम्नर यांनी १९२६ मध्ये युरिएजचे स्फटिक केले आणि म्हटलं, हे बघा, निव्वळ प्रथिन. १९३० मध्ये नॉर्थ्रप यांनी पेप्सिनचे केले. तरी जर्मन रसायनज्ञांच्या मनातली गाडी काही जाईना. स्फटिकाला चिकटून तो लहानसा गट आलाच नाही कशावरून?

याचा निकाल लावायचा एकच मार्ग होता. गाडी आणि प्रवासी वेगळे करायचे, दोघांना एकेकटं तपासायचं, आणि पुन्हा जोडायचं. वेगळं करणं जमत होतं. वारबुर्ग आणि ख्रिस्टियान यांनी मिथेनॉल वापरून रंग सोडवला होता. पण त्यात प्रथिन असं नासायचं, की अंडं उकडून परत कच्चं करायला बसल्यासारखं. खडा हातात आला, कोंदण वितळून गेलं. मग खडा कशात बसवून बघणार?

थेओरेलच्या टेबलावरचं यंत्र बघा. त्याने स्वतः रचलेलं आहे, विजेच्या प्रवाहात रेणू सरकवणारं. पिवळ्या फर्मेंटमध्ये यीस्टच्या पेशीतल्या मोठाल्या शर्करासाखळ्यांचा चिकट कचरा भरलेला आहे. गाळून जात नाही, साक्यातही बरोबरच येतो. पण त्या साखळ्यांवर विद्युतभार नाही, म्हणून प्रवाह सोडला की त्या जागच्या जागी राहतात आणि प्रथिन चालू लागतं. पिवळा पट्टा नळीत हळूहळू सरकताना तुम्हाला नुसत्या डोळ्यांनी दिसतो. रंगीत रेणूवर काम करण्याचं हे सुख आहे. बाकीच्या रसायनज्ञांना अंधारात चाचपडावं लागतं.

आता चला त्याच्यामागे थंडीत. अंगावर काही घ्या.

पातळ पापुद्र्याच्या पिशवीत स्वच्छ झालेलं पिवळं फर्मेंट भरलंय. पिशवी बुडते अगदी पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात, पाणी गोठेल न गोठेल अशा थंडीत. पापुद्र्याची भोकं इतकी बारीक, की लहान रेणू बाहेर पडतात आणि प्रथिन आत अडकून राहतं. आम्ल लागतं कारण प्रथिनाची पकड विद्युतभारांवर आणि आकारावर चालते, आणि आम्लात तो सगळा तोल ढळतो. थंडी लागते कारण तेच आम्ल उबेत प्रथिनाला कायमचं नासवेल. पकड सुटावी पण हात मोडू नये, एवढ्या अरुंद वाटेवरून हे काम जातं. घाई केली की गेलं. आम्ही एमएस्सीला असताना अशाच पिशवीची गाठ मी सैल बांधली होती. सकाळी पिशवी रिकामी, आणि आठवड्याचं एन्झाइम पिंपभर पाण्यात विरघळलेलं. सरांनी फक्त गाठीकडे बोट दाखवलं. तेव्हापासून कुणाची डायलिसिसची गाठ पाहिली की मी आधी ओढून बघतो. थेओरेलची ओढू नका.

बघत राहा. पिशवीतला पिवळा फिका होतोय आणि बाहेरचं आम्ल हलकं पिवळसर. आम्ल बदललं जातं. अजून फिका. शेवटी आत उरतं ते पाण्यासारखं, बिनरंगी. सोनाराने खडा काढून घेतल्यावर अंगठीत उरलेला खळगा.

बाहेर आलेल्या रंगाचीही झडती होते. तो नुसता दुधातला रायबोफ्लेविन नाही. त्याच्या टोकाला फॉस्फरिक आम्ल जोडलेलं आहे. त्याचं आजचं नाव फ्लेविन मोनोन्यूक्लिओटाइड. रेण्वीय वस्तुमान ४५६. आणि ज्या प्रथिनसाखळीत तो बसतो तिचं, आजच्या मोजमापाने, सुमारे ४५ हजार. शंभर भार कोंदणाला एक भार खडा.

आता मापनाच्या खोलीत या. इथे उबदार आहे आणि आवाज आहे. पाण्याच्या टाकीत काचेच्या कुप्या ओळीने डुलताहेत, सुपात धान्य पाखडल्यासारख्या, आणि प्रत्येक कुपीला इंग्रजी यूच्या आकाराची बारीक नळी जोडलेली. वारबुर्गचं मॅनोमीटर. कुपीतला ऑक्सिजन वापरला गेला की आतला दाब उतरतो आणि नळीतला द्रव सरकतो. किती मिलिमीटर सरकला ते वाचायचं, वहीत लिहायचं. पेशींच्या श्वासाबद्दल त्या काळात जगाला जे कळलं, त्यातलं पुष्कळसं अशा नळ्यांपुढे वाकून उभं राहिलेल्या माणसांमुळे.

कुप्यांमध्ये साखरेचा फॉस्फेट आहे, त्यातला हायड्रोजन काढणारं एक एन्झाइम आहे, आणि तो हायड्रोजन पुढे नेणारा सहघटक आहे, जो या संस्थेत घोड्याच्या रक्तपेशींतून काढतात. साखळीतली शेवटची कडी तेवढी मुद्दाम वगळलीय. ती आता घातली जाईल.

एकीत फक्त बिनरंगी प्रथिन. द्रव हलत नाही.

दुसरीत फक्त पिवळा रंग. खडा सुटा. इथेही काही घडत नाही.

तिसरीत दोन्ही, आम्ल मारून, एकत्र. नळीकडे बघा. द्रव सरकला. परत वाचलं, अजून सरकला. अखंड पिवळ्या फर्मेंटइतक्याच वेगाने.

कुणी टाळ्या वाजवत नाही. वाचन वहीत जातं, नळीचा स्क्रू फिरवून द्रव खुणेवर आणला जातो, कुपी डुलत राहते. एवढंच बघायला तुम्ही आलात. एन्झाइम मोडलं, त्याचे दोन निर्जीव तुकडे झाले, आणि ते तुकडे जुळून पुन्हा तेच एन्झाइम झालं. यापूर्वी हे कुणी इतक्या स्वच्छपणे केलं नव्हतं. आर्थर हार्डन यांनी १९०६ मध्येच यीस्टचा रस गाळणीतून दाबून दोन भाग केले होते, आणि दोन्ही भाग एकत्र आणल्यावरच आंबणं सुरू होतं हे दाखवलं होतं. पण तो अख्खा रस होता, शेकडो प्रथिनांची खिचडी. इथे एक प्रथिन, एक रंग.

विलश्टेटर हरले का? मला विचाराल तर अर्धे. लहानसा क्रियाशील गट खरंच होता. पण प्रथिन गाडी नव्हती. गाडीविना प्रवासी एक पाऊल चालत नव्हता. आणि सम्नर यांचं निव्वळ प्रथिनही इथे पुरत नव्हतं. या कामाचं मोल माझ्या लेखी काढण्यात नाही, परत बसवण्यात आहे. रंग निघाला आणि काम थांबलं, एवढंच दिसलं असतं तर कुणीही म्हणालं असतं, आम्लात प्रथिन मेलं. खडा बसवल्यावर काम सुरू झालं म्हणून कळलं, की प्रथिन मेलं नव्हतं, रिकामं होतं.

शिवाय दुसरा एक मोठा हिशेब त्या तिसऱ्या कुपीत लागला. जीवनसत्त्व नसलं की आजार होतो हे ठाऊक होतं. ते शरीरात करतं काय, हे कुणाला सांगता येत नव्हतं. बी-२ कोंदणात बसतं, हे इथे दिसलं. हायड्रोजन आला की त्याचा पिवळा जातो, ऑक्सिजनला देऊन टाकला की पिवळा परततो, आणि हे चक्र फिरत राहतं. कोंदण आपलं शरीर घडवतं. खडा मात्र बाहेरून, जेवणातून यावा लागतो.

निघण्याआधी उडी मारून १९५४ च्या स्टॉकहोमला डोकावू. थेओरेल तिथल्या नोबेल वैद्यकीय संस्थेत जीवरसायन विभागाचे प्रमुख आहेत; आता त्यांना अहोजाहो करायला हवं. जुनंच पिवळं एन्झाइम परत टेबलावर आहे. मध्यंतरी दुसरं पिवळं एन्झाइम सापडल्यामुळे याच्या नावाला ‘जुनं’ कायमचं चिकटलंय. अंधाऱ्या खोलीत फ्लेविनच्या द्रावणावर अतिनील किरण पडताहेत आणि ते हिरवट पिवळं झगझगतंय. त्यात बिनरंगी प्रथिन ओतलं, की झगमग विझते. रेणू कोंदणात बसला की त्याची चमक जाते. मोकळा असताना तो शोभेचा असतो, बसला की कामाचा. थेओरेल आणि अगनार न्यूगोर्ड याच विझण्यावरून खडा किती वेगाने बसतो आणि किती सावकाश निघतो ते मोजताहेत. पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, ऑक्सिडेशन करणाऱ्या एन्झाइमांवरच्या कामासाठी थेओरेलना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

दालेमच्या त्या प्रयोगानंतर खडे काढण्याचा धंदाच सुरू झाला म्हणा ना. आम्लात अमोनियम सल्फेट घालून साका पाडायचा, ही रीत वारबुर्गच्याच संस्थेतली, १९३८ च्या सुमाराची. त्यातून फ्लेविनचा मोठा भाऊ, एफएडी, हाती आला. आम्ल न सोसणाऱ्या प्रथिनासाठी १९६६ मध्ये मॅसी आणि कर्टी यांनी पोटॅशियम ब्रोमाइडची सौम्य वाट काढली. काही एन्झाइमं अजिबात दाद देत नाहीत. सक्सिनेट डिहायड्रोजिनेजमध्ये फ्लेविन हिस्टिडीनला पक्क्या रासायनिक बंधाने जोडलेला असतो. तो डाग देऊन बसवलेला खडा. काढायचा तर अंगठी तोडावी लागते.

परतीच्या वाटेवर एक शेवटचा थांबा, आपल्याच देशात. १९६० च्या दशकाची अखेर, हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था. महताब बामजी यांच्या प्रयोगशाळेत लाल रक्तपेशी फोडून त्यातलं ग्लुटाथायोन रिडक्टेज तपासलं जातंय. या एन्झाइमचा खडा एफएडी. बी-२ कमी पडलेल्या माणसाच्या रक्तात ही एन्झाइमं असतात, पण त्यांतली बरीच कोंदणं रिकामी असतात. मग करायचं काय, तर रक्ताचे दोन वाटे. एक तसाच, दुसऱ्यात परीक्षानळीतच थोडं एफएडी घातलेलं. दोन्हींचा वेग मोजायचा आणि भागाकार करायचा. उत्तर एकाच्या आसपास आलं तर कोंदणं भरलेली होती. वरून घातलेल्या खड्याला बसायला जागाच नव्हती. १.४ च्या वर गेलं तर माणसाला बी-२ ची कमतरता आहे.

थेओरेलची तिसरी कुपीच ही. फरक एवढाच, की इथे खडा रसायनज्ञाने काढलेला नाही, ताटाने काढलाय. ज्याला आपण ओठांचे कोपरे फाटणं म्हणतो, जीभ लाल होऊन झोंबणं म्हणतो, त्यामागे बरेचदा हीच रिकामी कोंदणं असतात. १९६९ मध्ये बामजी यांनी हे काम प्रसिद्ध केलं. रक्तातला बी-२ चा तुटवडा ओळखण्याची हीच रीत पुढे जगभर रुळली.

बोट बाहेर काढा. स्वयंपाकघरात दिवा तसाच जळतोय आणि चक्क्याचं पाणी अजून थेंब थेंब गळतंय. हे पिवळं उजेडाने नासतं, म्हणून पातेल्यावर झाकण ठेवा. सकाळी पुऱ्यांची कणीक या पाण्यात भिजवा. जरा आंबूस होईल, पण पुऱ्या छान लागतात. मोरीत तेवढं ओतू नका.